विकासक म्हणजे बिल्डर नव्हे: ज्ञानकोशातल्या सॉफ्टवेअर-चौकटीसोबत दोन वर्षं

मास्तरांनी ऐंशी पानांचं नाटक बाजारातल्या डीटीपीवाल्याकडून पानाला पैसे मोजून टाइप करून घेतलं. कारण काय, तर माझ्या वर्गाच्या भिंतीवर मी चिकटवलेल्या कागदावरचा एक शब्द. तो शब्द होता 'भाषा'.

आधी वर्गाविषयी सांगते. डिचोलीत बसस्टँडपासून पाच मिनिटांवर माझा संगणकवर्ग आहे. सहा संगणक, एक इन्व्हर्टर आणि पहिल्या पावसाबरोबर रुसून बसणारा एक प्रिंटर. सकाळी शाळकरी मुलं, दुपारी दुकानदार, संध्याकाळी निवृत्त काका-मावश्या. दर शनिवारी आम्ही एका सॉफ्टवेअरची ओळख करून घेतो. त्यासाठी मी विकिपीडियातला त्या सॉफ्टवेअरचा लेख उघडते आणि त्यातली माहितीची चौकट मराठीत करून, मोठ्या टायपात छापून भिंतीवर लावते. संगणकावर ही चौकट लेखाच्या उजव्या अंगाला असते, मोबाइलवर पहिल्या परिच्छेदानंतर येते. डाव्या रकान्यात लेबल, उजव्या रकान्यात माहिती. कुणी बनवलं, पहिल्यांदा कधी आलं, ताजी आवृत्ती कुठली, कशावर चालतं, परवाना कुठला. एवढंच.

दोन वर्षांत अशा साठेक चौकटी छापल्या असतील. म्हणजे ज्याला गिऱ्हाईक म्हणतात ते मी या चौकटीचं आहे, आणि जुनं गिऱ्हाईक आहे. पैसे देत नाही हे खरं, पण तक्रार करायला पैसेच द्यावे लागतात असं थोडंच आहे. एक गोष्ट मात्र आधीच कबूल करते. खाली ज्या मराठी लेबलांची मी सालटी काढणार आहे, ती बहुतेक मीच भिंतीवर लावलेली आहेत. चौकट त्यांची, शब्द माझे. त्यांच्या इंग्रजी लेबलांतही घोळ आहेच, त्याविषयीही लिहिते.

तर मास्तर. हे आमच्या वाड्यावरचे, मराठी शाळेतून निवृत्त झालेले. जत्रेला देवळासमोर नाटक व्हायलाच हवं आणि ते आपणच लिहायला हवं असं मानणारे. त्यांना नाटकाची संहिता संगणकावर हवी होती, म्हणजे दरवर्षी पात्रं कमीजास्त झाली की बदल करता येतील. मी त्या आठवड्यात लिबरऑफिस या टाइप करायच्या फुकट सॉफ्टवेअरची चौकट लावली होती. मास्तर आले, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, वरून खाली वाचत गेले आणि 'भाषा: सी++, जावा' इथे थांबले. काही बोलले नाहीत. महिन्याभराने टाइप केलेला गठ्ठा दाखवायला आले तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"मास्तर, अहो, हे आपल्याकडे फुकटात झालं असतं!"

"बाय, तुझ्या त्या कागदावर मराठी नव्हती. इंग्रजीसुद्धा नव्हती. जावा तेवढी दिसली. तिथे आपलं कोण?"

यात हसण्यासारखं आहे, पण चूक त्यांची नाही. इंग्रजी चौकटीत त्या ओळीला 'रिटन इन' म्हणतात. सॉफ्टवेअर कुठल्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलंय ते तिथे असतं. संगणकवाल्याला ते एका क्षणात कळतं, पण नाटकवाल्याने 'रिटन इन' वाचलं तर त्याच्या डोळ्यांपुढे लेखणी आणि वही येणार. खाली चार-पाच ओळी सोडून दुसरं लेबल येतं, 'अव्हेलेबल इन'. मास्तरांना हवी होती ती माहिती तिथे असते, म्हणजे मेनू, बटणं, सूचना कुठल्या भाषांत मिळतात. लिबरऑफिस शंभराहून जास्त भाषांत मिळतं, त्यात मराठी आहे. पण चौकटीत इतक्या भाषा मावत नाहीत म्हणून नुसता आकडा देतात. आणि मी भाषांतर करताना काय केलं? पहिलीला 'भाषा' म्हटलं, दुसरीला 'उपलब्धता'. म्हणजे ज्या ओळीत माणसांच्या भाषा होत्या तिथून 'भाषा' हा शब्द काढून घेतला आणि यंत्राच्या ओळीला दिला. 'उपलब्धता' वाचून आमच्याकडच्या माणसाला रेशनवरचे तांदूळ आठवतात.

विकिपीडियाच्याच घरातला विकिडेटा हा माहितीसाठा २०१२ साली सुरू झाला. त्यात याच गोष्टीला 'प्रोग्रॅम्ड इन' असं इंग्रजी नाव दिलंय. हे लेबल मला 'रिटन इन'पेक्षा कितीतरी सरळ वाटतं, गैरसमजाला जागाच नाही. आता माझ्या भिंतीवर वरच्या ओळीला 'प्रोग्रॅमिंग भाषा' आणि खालच्या ओळीला 'मेनूच्या भाषा' असतं. 'मेनूच्या भाषा' हे काही शब्दकोशात शोभेल असं नाही. एका मुलाने विचारलंही, "टीचर, मेनू म्हणजे हॉटेलातला?" पण संगणकावर बसवून एकदा मेनूवर बोट ठेवलं की तो शब्द पक्का बसतो. 'अंतरापृष्ठ-भाषा' असलं काही लावलं असतं तर बोट कुठे ठेवणार होते?

आता 'विकासक'. हा शब्द पुण्या-मुंबईत कसा वाचतात ते मला ठाऊक नाही, पण गोव्यात तो वाचला की एकच चित्र उभं राहतं: कापलेला डोंगर, पत्र्याचं कुंपण, आणि त्यावर तलाव असलेल्या व्हिलांचा फलक. वर्तमानपत्रांनी या शब्दाला इथे दुसरा अर्थच ठेवलेला नाही. मी व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या सॉफ्टवेअरची चौकट लावली, 'विकासक: व्हिडिओलॅन'. दुपारच्या तुकडीतले किराणा दुकानवाले काका म्हणाले, "हे कुठे आले? मयेला?" मये हे आमच्या शेजारचं गाव, तिथल्या तळ्याकाठच्या जमिनींवर सगळ्यांचे डोळे. मी म्हटलं, "नाही काका, हे पॅरिसचे. ना-नफा संस्था आहे." ते म्हणाले, "सुरुवातीला सगळे असंच सांगतात."

बरं, 'विकासक' काढायचं तर काय घालायचं? 'निर्माता' घातलं की सिनेमा येतो. 'कर्ता' म्हटलं की व्याकरण, नाहीतर एकत्र कुटुंब. 'डेव्हलपर' देवनागरीत लिहिलं तरी डोंगर कापायचं थांबत नाही. शिवाय इथे एक खरी गाठ आहे, नुसती शब्दाची नव्हे. ज्याने सुरुवात केली तो आणि आज जो सांभाळतो तो, हे अनेकदा वेगवेगळे असतात. व्हीएलसीची सुरुवात १९९६ साली पॅरिसच्या एकोल सँत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाली. आज ते काम व्हिडिओलॅन ही संस्था बघते. गिंप हे चित्रांवर काम करायचं सॉफ्टवेअर स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कली विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलं, आज ते स्वयंसेवकांचा गट चालवतो. पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा गिडो व्हान रॉसम यांची, आणि आता तिच्यामागे पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन उभी आहे. इंग्रजी चौकटीने यासाठी 'ओरिजिनल ऑथर' आणि 'डेव्हलपर' अशा दोन ओळी केल्यात. हे मला मनापासून आवडलं. आमच्याकडे जुनी घरं आहेत. पणजोबांनी बांधलं आणि मे महिन्यात कौलं परतायला जो माळ्यावर चढतो तो चुलतभाऊ, या दोघांना एका शब्दात कुणी कोंबत नाही.

मी आता 'सुरुवात' आणि 'सांभाळणारे' अशी दोन लेबलं लावते. 'सुरुवात: स्पेन्सर किंबॉल, पीटर मॅटिस. सांभाळणारे: गिंप गट.' कुणाला हे फार घरगुती वाटेल. वाटू दे. ज्ञानकोशाच्या पानावर मी हे सुचवणार नाही, तिथे 'मूळ लेखक' आणि 'विकसन' चालून जाईल. 'विकसन' म्हटलं की निदान तलाव असलेला व्हिला दिसत नाही.

सगळ्यात जास्त वेळ ज्याने खाल्ला ती आवृत्तीची ओळ. इंग्रजीत 'स्टेबल रिलीझ'. मराठीत सरळ 'स्थिर आवृत्ती'. नववीतली एक मुलगी म्हणाली, "टीचर, स्थिर आहे म्हणजे आता बदलणार नाही ना?" नेमकं उलटं! ती दर काही आठवड्यांनी बदलते. 'स्थिर' म्हणजे चाचण्या होऊन सगळ्यांनी वापरायला मोकळी केलेली. तिच्या शेजारी कधीकधी 'प्रिव्ह्यू रिलीझ' असते, म्हणजे अजून चाचणीत असलेली. त्याला मी एकदा हौसेने 'अस्थिर आवृत्ती' म्हटलं आणि दोन दिवसांनी एका पालकांचा फोन आला, मुलाच्या लॅपटॉपमध्ये काही धोक्याचं तर घातलं नाही ना. गोव्यात 'अस्थिर' हा शब्द आम्ही सरकारांसाठी इतकी वर्षं वापरलाय की लोक सावध होतात ते साहजिकच.

मग मी 'शेवटची आवृत्ती' लिहून पाहिलं, आणि आपल्या भाषेचीच एक गंमत पायात आली. पणजीच्या स्टँडवर रात्री कुणी म्हणालं, "डिचोलीची शेवटची बस गेली," तर तुम्ही रिक्षा शोधायला लागता. सकाळी दहा वाजता कुणी म्हणालं, "शेवटची बस दहा मिनिटांपूर्वी गेली," तर तुम्ही पुढच्या बसची वाट बघता. शब्द तोच. एकदा त्याचा अर्थ 'आता संपलं', एकदा 'आत्तापर्यंतची'. 'अंतिम' घ्या, तीच कथा, उलट तिथे तेराव्याचा वास जास्त. सॉफ्टवेअरमध्ये हा फरक जीवनमरणाचा आहे, कारण काही सॉफ्टवेअर खरोखर मरतात. पायथन २ घ्या. त्याचा सांभाळ १ जानेवारी २०२० ला थांबला आणि २.७.१८ ही आवृत्ती त्या एप्रिलमध्ये काढून ते कायमचं मिटलं. ही झाली संपली या अर्थाने शेवटची. आणि पायथन ३ ची 'शेवटची' म्हणाल तर ती तुम्ही हे वाचेपर्यंत जुनी झालेली असेल.

इंग्रजी चौकट इथे हुशारीने वागते. एखादं सॉफ्टवेअर बंद झालं अशी खूण लेखकाने केली की 'स्टेबल रिलीझ' हे लेबल आपोआप 'फायनल रिलीझ' होतं. आकडा तोच, लेबल बदलतं. ही खूण कुणी आठवणीने केली तरच, हे आलंच. पण जिथे केली असते तिथे एका शब्दात वाचणाऱ्याला कळतं की याची वाट बघू नका. मागे एका शाळेतून जुन्या शैक्षणिक सीडींचा ढीग माझ्याकडे आला. सगळ्या फ्लॅशवर चालणाऱ्या. अडोबीने फ्लॅश प्लेयरचा पाठिंबा २०२० च्या ३१ डिसेंबरला संपवला आणि पुढच्या जानेवारीत त्यातली चित्रं-खेळ चालणंच बंद केलं. मी शाळेच्या शिक्षिकेला ती चौकट दाखवली. त्यांनी 'फायनल' वाचलं आणि सीडी परत पिशवीत भरल्या. मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

भिंतीवर आता 'ताजी आवृत्ती', 'चाचणी आवृत्ती' आणि बंद पडलेल्यांसाठी 'बंद होतानाची आवृत्ती' अशी तीन लेबलं आहेत. 'ताजी' म्हटल्यावर बाजारातली मासळीची टोपली आठवते, आणि ते बरंच आहे. सकाळची ताजी संध्याकाळी ताजी नसते हे कुणाला शिकवावं लागत नाही. चाचणी झाली आहे की नाही हे मात्र 'ताजी'त येत नाही, ही तिची कमतरता. म्हणून ज्ञानकोशासाठी 'स्थिर' ठेवायचा आग्रह काही जण धरतात, आणि तो अगदीच चुकीचा नाही.

या आवृत्तीच्या आकड्यांत एक माझा लाडका आहे. गणिताची पुस्तकं जुळवायला डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ साली टेक नावाची प्रणाली काढली. तिच्या आवृत्तीचा आकडा प्रत्येक दुरुस्तीला 'पाय' या गणितातल्या संख्येच्या किमतीकडे एक अंक सरकतो. २०२१ पासून तो ३.१४१५९२६५३ आहे. क्नूथ यांनी सांगून ठेवलंय की आपल्यामागे आवृत्तीचा आकडा नुसता पाय करायचा आणि नंतर काही दुरुस्त करायचं नाही. राहिल्या चुका ती त्याची वैशिष्ट्यं. त्या लेखात 'शेवटची आवृत्ती' हे लेबल अगदी शब्दशः खरं ठरेल. मुलांना हे सांगितलं की आवृत्ती म्हणजे काय हा प्रश्न पुन्हा येत नाही, पाय म्हणजे काय हा येतो.

तारखेच्या ओळीबद्दल थोडं. 'इनिशियल रिलीझ'ला मी 'प्रथम प्रकाशन' म्हणत होते. आमच्याकडे प्रकाशन म्हणजे समई, शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांचं लांबलेलं भाषण. पण शब्दापेक्षा मोठा प्रश्न असा की 'प्रथम' कशाला म्हणायचं. व्हीएलसी विद्यार्थ्यांनी १९९६ ला सुरू केलं, सगळ्यांसाठी मुक्त परवान्याखाली खुलं झालं २००१ च्या १ फेब्रुवारीला. वेबसाइट बघायचं फायरफॉक्स आधी फीनिक्स नावाने २००२ च्या सप्टेंबरात आलं, मग फायरबर्ड झालं, आणि फायरफॉक्स १.० आलं ९ नोव्हेंबर २००४ ला. बाळ कधी जन्मलं आणि बारसं कधी झालं, दोन्ही तारखा खऱ्या. विंडोज ७ सारख्या मोठ्या प्रणालींच्या चौकटीत कारखान्याला दिल्याची तारीख आणि लोकांना विकायला आल्याची तारीख अशा दोन ओळी असतात: २२ जुलै २००९ आणि २२ ऑक्टोबर २००९. एका लेबलात कोंबण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. आणि तारखेसमोर 'अमुक वर्षांपूर्वी' हे चौकट आपणच मोजून दाखवते. छोटीशी सोय आहे, पण आमच्या मावश्या आधी तेच वाचतात. "म्हणजे माझ्या धाकटीएवढं," असं म्हणून पुढे जातात.

'सपोर्ट'चं मराठी करताना मी जो गोंधळ घातला तो लिहिलाच पाहिजे. विंडोज १० चा सपोर्ट २०२५ च्या १४ ऑक्टोबरला संपला. त्याआधी महिनाभर मी दारावरच मोठ्या अक्षरांत लावलं: 'विंडोज १०: आधार समाप्त, १४ ऑक्टोबर'. त्या आठवड्यात चौघे जण आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन आले. एक आजोबा तर रेशनकार्डही घेऊन आले होते, लिंक करून देता का म्हणून. आता तिथे 'कंपनीकडून दुरुस्त्या बंद' असं लिहिलंय. लांब आहे, पण झेरॉक्सचं गिऱ्हाईक कमी झालं.

बाकीची लेबलं पटकन उरकते. 'साइझ'ला 'आकार' म्हणू नये. '३०० एमबी' हा आकार नसतो, वर्गात कुणीतरी गोल की चौकोनी विचारतोच. 'डाउनलोड' हे लेबल पुरतं, आणि गावात नेटवर्क जेमतेम येतं तिथे तोच आकडा महत्त्वाचा. 'ऑपरेटिंग सिस्टिम'ला कार्यप्रणाली, संचालन प्रणाली, परिचालन प्रणाली असे तीन-तीन शब्द फिरतात. एका ज्ञानकोशात निदान एकच ठरवा. मी 'चालतं कशावर' लिहिते आणि पुढे विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड. त्याच्याखालचं 'प्लॅटफॉर्म' मी सरळ गाळते. तिथे प्रोसेसरचे प्रकार असतात, आणि आमच्या लोकांना प्लॅटफॉर्म थिवीला गाडी पकडताना लागतो तेवढाच.

'परवाना' मात्र गाळता येत नाही. हा शब्द चांगला आहे, जुना आहे, सगळ्यांना येतो. अडचण हीच की जरा जास्तच येतो. गाडीचा परवाना, दुकानाचा परवाना, बारचा परवाना: गोव्यात परवाना म्हणजे खेपा. बाजाराच्या कोपऱ्यावर ज्यांचं छोटं बार आहे त्यांनी 'परवाना: जीपीएल' वाचून विचारलं, "हा कुठे काढायचा? पणजीला जावं लागतं?" त्यांना सांगितलं की हा तुम्ही काढायचा नसतो, बनवणाऱ्यांनी तुम्हाला आधीच दिलेला असतो: वापरा, वाटा, आतलं बघा, बदला, आणि बदललेलं वाटायचं असेल तर याच अटींवर वाटा. बराच वेळ त्यांचा विश्वास बसला नाही. दरवर्षी नूतनीकरण नाही हे ऐकून तर अजिबातच नाही. विकिडेटात याला 'कॉपीराइट लायसन्स' म्हणतात. तिथे 'कॉपीराइट' या एका शब्दाने निम्मा घोळ मिटतो. मराठीत 'वापर-परवाना' केलं तर जमेल असं मला वाटतं. उजव्या रकान्यात नुसतं 'जीपीएल' किंवा 'एमपीएल २.०' ही अक्षरं असतात त्याचं काय करायचं ते वेगळंच. मी पुढे पेनाने लिहिते: 'फुकट. वाटायला हरकत नाही.' वकील माझ्यावर चिडतील.

आता या चौकटीची बाजू घेते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल हिला काहीच पसंत नाही. एक म्हणजे ती साच्यातून येते. लेबल साच्यात एकदा बदललं की तो साचा वापरणाऱ्या प्रत्येक लेखात ते बदलतं. मला साठ कागद पुन्हा छापावे लागले, त्यांना एक ओळ बदलावी लागते. दुसरं म्हणजे ज्याची माहिती नाही ती ओळ दिसतच नाही. सरकारी फॉर्मसारखं 'लागू नाही, लागू नाही' असं वाचत बसावं लागत नाही. तिसरं, जे मला उशिरा कळलं: डावा रकाना अरुंद ठेवण्याला कारण आहे. मी एकदा धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडिया सरावासाठी देतो त्या पानावर, माझी सगळी लांब लेबलं घालून पाहिली. संगणकावर छान दिसली. मोबाइलवर उघडलं तर 'कंपनीकडून दुरुस्त्या बंद' चार ओळींत मोडलं, 'बंद होतानाची आवृत्ती' तीन ओळींत, आणि उजवीकडची तारीख बिचारी मधे लोंबकळत राहिली. भिंतीवर जे चालतं ते बोटभर पडद्यावर चालत नाही. 'कुणाला कळेल' याबरोबर 'किती जागेत कळेल' हाही प्रश्न आहे, तो मी दीड वर्ष विचारलाच नव्हता.

विकिपीडियाच्या चर्चापानावर या लेबलांविषयी मी लिहिलं तेव्हा एका अनोळखी सदस्याने शांतपणे विचारलं होतं की ताई, तुमच्या वर्गातल्या लोकांना शब्द कळत नाही की ती गोष्टच नवी आहे? 'प्रोग्रॅमिंग भाषा' हे लेबल कळलं तरी सी++ म्हणजे काय ते कळणार नाहीच. खरं आहे. पण मास्तरांना सी++ कळायची गरजच नव्हती. ही ओळ माझ्यासाठी नाही, एवढं कळलं असतं तर ते पुढच्या ओळीवर गेले असते. हे उत्तर मला तिसऱ्या दिवशी भांडी घासताना सुचलं, तेव्हा चर्चा दुसरीकडे गेली होती.

गोव्यापुरती आणखी एक अडचण. माझ्या वर्गात मराठी वाचणारे आहेत, कोकणी देवनागरीतून वाचणारे आहेत, आणि कोकणी रोमीतून, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून, वाचणारेही आहेत. कोकणी विकिपीडिया २०१५ मध्ये सुरू झाला, त्यावर दोन्ही लिपींत लेख आहेत. तिथे एक लेबल ठरवायचं म्हणजे दोनदा ठरवायचं. त्यांच्यापुढे माझी तक्रार फारच लाडावलेली.

तारे द्यायचेच तर इंग्रजी चौकटीला पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा 'फायनल रिलीझ'साठी, दीड कापला तो 'रिटन इन'मुळे आणि प्लॅटफॉर्ममुळे. माझ्या भिंतीवरच्या पहिल्या वर्षाच्या कागदांना दीड. दुसऱ्या वर्षाच्या कागदांना तीन, मोबाइलवर बघू नये या अटीवर.

मास्तर आता माझ्याकडेच येतात, मंगळवारी आणि गुरुवारी. लिबरऑफिसचे मेनू मराठीत करून दिलेत. डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं सगळं युनिकोडमध्ये आणताना रफारांची जी दशा झाली ती दोघांनी मिळून दुरुस्त करतोय, दुसऱ्या अंकापर्यंत पोचलोय. गेल्या गुरुवारी त्यांनी पहिल्या पानावर, पात्रपरिचयाच्या वर, उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखून ठेवली होती. मला न विचारता टेबल घालायला शिकले.

सुरुवात: मी
सांभाळणारे: वाड्यावरची पोरं
लिहिलंय: निळ्या शाईत
भाषा: मराठी, शिव्या कोकणीत
चालतं कशावर: लाइट गेली तर पेट्रोमॅक्सवरही
ताजी आवृत्ती: अजून नाही, तिसऱ्या अंकात राजाला मारायचा की नाही ते ठरायचंय